स्टेशनपासून पाच मिनिटं

(वरळीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यात आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मागची पोरं पुढे सरका. दारात उभं राहून ऐकलं की अर्धं भाषण रस्त्यावरच्या हॉर्नला जातं.

मला निरोप आला तेव्हा विषय होता 'भांडवलशाही आणि शहर'. मोठा विषय. त्यावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे एका छापील फॉर्मवर. कारण मी अकरा वर्षं त्या फॉर्मच्या मागे टेप घेऊन फिरलो. बँकेने घरावर कर्ज द्यायचं तर त्या घराची किंमत कुणीतरी सांगावी लागते. ती सांगणारा साहेब म्हंजे व्हॅल्युअर. साहेब सही करतो. टेपचं दुसरं टोक धरणारा, भिंतीचे फोटो काढणारा, वॉचमनला तंबाखू देऊन 'इकडं काय भाव चाललाय' असं विचारणारा, तो मी.

फॉर्मवर रकाने असतात. वस्तीचा दर्जा : उच्च, मध्यम, गरीब. शाळा, दवाखाना, बाजार, बसस्टॉप किती जवळ. पाणी तुंबतं काय. रस्ता किती रुंद. घराच्या आत काय आहे ते बघायला आम्हाला दहा मिनिटं लागायची. टाइल्स, खिडक्या, संडास, झालं. बाकी सगळा वेळ बाहेरचं बघण्यात. पहिल्या वर्षी मला हे कळेना. घर विकतोय का गल्ली विकतोय? मग एका दुपारी साहेबच जिन्यात बोलला, अरे, विटेला विटेचा भाव असतो. सिमेंटची गोणी वरळीला आणि बदलापूरला जवळपास त्याच भावात मिळते. मग वरळीचा फ्लॅट आणि बदलापूरचा फ्लॅट यांच्यात जो कोटींचा फरक आहे, तो विटेत नाही. तो भिंतीच्या बाहेर आहे.

दोस्तहो, आजचं माझं भाषण त्या एका वाक्यावर आहे. भिंतीच्या बाहेर काय आहे, आणि ते कुणी केलं?

बिल्डरचं ब्रोशर उघडा. गुळगुळीत कागद, हिरवळीवर पळणारं गोरं पोरगं. खाली लिहिलेलं : स्टेशनपासून पाच मिनिटं, नामांकित शाळा जवळ, चोवीस तास पाणी, मेट्रो हाकेच्या अंतरावर. यातलं एक तरी बिल्डरने केलंय का? स्टेशन रेल्वेचं. मेट्रो सरकारी कर्जातून आणि लोकांच्या पैशातून. पाणी महापालिकेचं. १८९२ साली तानसाचं पाणी मुंबईत आलं. तानसा, वैतरणा, भातसा ही सगळी धरणं शहापूरच्या अंगाची, आणि त्याच शहापूर तालुक्यातले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. गटार कोण उपसतं हे या खोलीत सांगायला नको. म्हंजे सोय सगळ्यांच्या पैशाची, खड्डे खणणारे आपले, पाणी पाड्यांचं, आणि भाव चढतो तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा. त्याने काय केलं? त्याने वाट बघितली. गुंतवणूक गुंतवणूक म्हणतात ती बऱ्याच अंशी हीच, कुंपण घालून वाट बघणं.

मेट्रोचा भाव तर एजंट लोक तीनदा खातात. एकदा घोषणा झाली की, एकदा खांब उभे राहिले की, एकदा फीत कापली की. वरळीत २०२५ च्या मे महिन्यात भुयारी मेट्रो आली, त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती इथल्या फ्लॅटच्या दरात धावत होती. आणि मेट्रोसाठी पैसा कुणाकडून? मुंबईत २०२२ पासून घर खरेदीच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का मेट्रोचा अधिभार आहे. ज्याच्या दारात मेट्रो नाही, जो कुठल्या तरी कोपऱ्यात वन रूम किचन घेतोय, तोही भरतो. ज्याच्या जमिनीशेजारी स्टेशन आलं आणि बसल्या जागी भाव वाढला, त्याच्याकडून त्या वाढीतला वाटा मागायला कुणी जात नाही. कायद्याला हे सुचलंच नव्हतं असं नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात नगररचना योजनेपुरती तशी तरतूद आहे, वाढलेल्या किमतीतला हिस्सा मालकाकडून घ्यायची. तरतूद आहे. कागदावर तर काय, सगळंच आहे.

आता जरा मागे जाऊ. तुमच्यातल्या काहींना वाटत असेल, जागेचा भाव हा प्रकार बिल्डरांनी आणला. खोटं. पहिला एजंट गाव. आपली वस्ती गावकुसाबाहेर कुठे टाकायची हे गावाने वारा आणि पाणी बघून ठरवलं होतं. आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरता कामा नये, आपल्या वापराचं पाणी त्यांच्या पाणवठ्याकडे वाहता कामा नये. विहीर, देऊळ, चावडी, शाळा सगळं आतल्या बाजूला. मेलेलं जनावर आणि उकिरडा आपल्या बाजूला. हा फॉर्म तेव्हा छापलेला नव्हता, पण रकाने हेच होते.

शहराने तो नकाशा उचलला आणि मोठा केला. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. त्या डोंगराच्या पायथ्याला कुणाची वस्ती आहे, जाऊन आडनावं विचारा. महार, मातंग, मुसलमान, कर्नाटकातनं, यूपीतनं पोट घेऊन आलेले. आणि २०२४ साली सरकारने काय ठरवलं? धारावीतल्या पुनर्विकासात जे अपात्र ठरतील त्यांच्या घरांसाठी त्याच देवनारच्या कचरा डेपोतली १२४ एकर जागा द्यायची. धारावी ही खाडीकाठची दलदल. चामडं कमावणाऱ्यांनी, कुंभारांनी, पोटासाठी आलेल्यांनी भराव टाकून ती राहण्याजोगी केली. मिठी नदीच्या पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं तशी तीच दलदल सोन्याची झाली. मग आता तुम्ही सरका. जागा चांगली झाली की आपण सरकायचं. जिथे सरकवतात ती जागा आपण राहून राहून चांगली करायची, मग परत सरकायचं.

माहुलचं उदाहरण तर तोंडपाठ करून ठेवा. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या. ज्या पाण्याने या शहराचा भाव वाढवला त्याच नळाशेजारची माणसं. त्यांना उचलून टाकलं माहुलला, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांच्या कुशीत. इमारती पक्क्या. लिफ्ट आहे, संडास घरात आहे. आतलं बघितलं तर झोपडीपेक्षा बरं. पण भिंतीबाहेर? हवा अशी की २०१५ साली हरित लवादाने तिथल्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे असं म्हटलं. लोक आजारी पडले, आंदोलनाला बसले, २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. मग २०२५ साली महापालिकेने माहुलचे रिकामे गाळे आपल्या कर्मचाऱ्यांना विकायला काढले, साडेबारा लाखांच्या आसपास एक. मुंबईत साडेबारा लाखाला घर! उड्या पडायला पाहिजे होत्या. पडल्या नाहीत. सरकारी अहवाल काय म्हणायचं ते म्हणो, पण भाव खोटं बोलत नाही. जिथे फुकट पाठवलं तेव्हा 'पुनर्वसन' म्हणाले, तिथे विकत घ्यायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईक नाही.

आता आपल्या इथलं. तुम्ही ज्या चाळींत जन्मलात त्या १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून दोनशेच्या वर चाळी. एकशेसाठ फुटाची खोली, संडास टोकाला, सामाईक. काय म्हणून बांधल्या? आपल्या कल्याणासाठी? भोंगा वाजला की माणूस दहा मिनिटांत खात्यात हजर पाहिजे म्हणून. नीट ऐका हां, तेव्हा आपणच सोय होतो. ब्रोशर छापलं असतं तर गिरणीमालकाने लिहिलं असतं : मजूर हाकेच्या अंतरावर.

१९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. माझा बाप त्यात होता. संप संपल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, बाप मात्र संपला. पण ते असो. गिरण्या बंद पडल्या आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की कापडापेक्षा खालची जमीन महाग आहे. १९९१ चा नियम होता की जमिनीचे तीन वाटे करायचे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्या नियमात एक बारीक दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, जिथे बांधकाम उभं आहे ती जमीन त्यात धरायची नाही. गिरणी म्हंजे सगळं बांधकामच की! वाटणीला उरलं काय? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. एका शब्दाने शेकडो एकरांचा हिशोब फिरला. तुम्ही कविता करता, चांगलं आहे, पण नियमावलीतला शब्द पण वाचत चला.

मग नावं बदलली. लोअर परळला एजंट लोक 'अप्पर वरळी' म्हणायला लागले. हसू नका, खरंच म्हणतात. लोअर म्हटलं की गिरणीचा वास येतो, अप्पर म्हटलं की समुद्राचा. नाव पण एक अॅमेनिटी आहे, त्याचे पण चौरस फुटाला पैसे लागतात. आपल्याला हे नवीन नाही. आपल्यातली शिकली-सवरलेली माणसं कल्याणच्या पलीकडे कॉम्प्लेक्समध्ये जातात तेव्हा दारावरच्या पाटीत आडनाव बदलतात. त्यांची चेष्टा मी करत नाही. भाव बघून नाव बदलायचं आपल्याला कुणी शिकवलं, तेवढं फक्त बघा.

आणि ते 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. गिरण्यांच्या जागी काचेची हापिसं आली. हजारो माणसं रोज एल्फिन्स्टन रोडला उतरायला लागली. हापिसाचं भाडं ठरवताना स्टेशनचं अंतर मोजलं, मिनिटं मोजली. पूल मात्र गिरणीच्या काळातलाच, अरुंद. त्या पाच मिनिटांतली दोन मिनिटं त्या जिन्यावर जात होती. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ, वरून पाऊस, माणसं जिन्यावर अडकली आणि २३ माणसं चेंगरून मेली. भाव वसूल करणारे वेगळे, पूल रुंद करायची जबाबदारी वेगळ्यांची, आणि मरणारे तिसरेच. पुढल्या वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

फॉर्मवर एक रकाना नसतो. शेजार. तो तोंडी भरतात. फ्लॅट दाखवताना एजंट हळूच विचारतो, पार्टी कोण? व्हेज का नॉनव्हेज? हा मटणाचा प्रश्न नाही, हे तुम्हालाही कळतं. बाबासाहेब १९१७ साली कोलंबियात शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं, आणि काठ्या घेतलेल्या माणसांनी तिथूनही बाहेर काढलं. शंभर वर्षं झाली. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली छापून आला. सगळं सारखं, नोकरी सारखी, फक्त आडनाव वेगळं. दलिताला आणि मुसलमानाला नकार, नाहीतर भाडं जास्त, नाहीतर अटी. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी हाऊसिंग सोसायटीच्या खटल्यात मान्य केलं की सोसायटीने आपल्या समाजापुरतंच सभासदत्व ठेवलं तर चालतं. म्हंजे 'एकसारखा शेजार' ही कायदेशीर सोय झाली. आपण शेजारी नसणं, याला बाजारात भाव आहे! आणि आपली वस्ती खिडकीतून दिसत असेल तर भाव कमी. मी स्वतः साहेबाला लिहून दिलंय, 'खिडकीतून झोपडपट्टी दिसते, थोडे कमी धरावे'. माझ्या मावशीची खोली होती त्या झोपडपट्टीत. संध्याकाळी तिच्याकडे जेवायला गेलो तेव्हा घास उतरेना.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी इथे यायचं मी कबूल केलं.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीच्या किल्ल्या मिळाल्या. पाचशे फुटाचं घर, चाळीस मजली इमारत. आनंद आहे. शंभर वर्षं एकशेसाठ फुटात चार चार संसार काढले, आयाबायांनी रात्री संडासच्या रांगेत जीव मुठीत धरला, हा आनंद कुणी उपकार म्हणून दिलेला नाही. बाकीच्यांचे नंबर लागतील. आणि किल्लीच्या आधी एजंट दारात आलाय. १९७४ च्या जानेवारीत इथे दंगल पेटली तेव्हा या चाळींकडे बघायला कुत्रं येत नव्हतं. आज पांढऱ्या बुटातला पोरगा 'काका, आई, ताई' करत घरात येऊन बसतो. बऱ्याचदा तो आपल्याच चाळीतला असतो. त्याचं पण पोट आहे.

तो रक्कम सांगतो. एवढे पैसे आपल्या सात पिढ्यांनी बघितले नाहीत. आईचे डोळे फिरतात. बापाला कर्ज आठवतं. मी म्हणत नाही की विकणारा गद्दार. माझ्या नात्यातल्या एका बाईने मुंबईतलं घर विकलं, पोराच्या किडनीसाठी. तिला तत्त्वज्ञान सांगायला मी जाणार नाही. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, दिवे यांचा महिन्याचा खर्च येतो. चाळीत भाडं नावापुरतं होतं. तो खर्च झेपत नाही म्हणून माणसं विकतात. हे खरं आहे, आणि त्याची तजवीज सोसायटीने पहिल्या सभेत करायला पाहिजे, घोषणा देऊन लिफ्ट चालत नाही.

पण विकण्याआधी काय विकतोय ते तरी कळू द्या. एजंट तुम्हाला पाचशे फुटाचे पैसे सांगतो. तो विकत काय घेतोय? कोस्टल रोड, मेट्रो, समुद्राचा वारा. त्याच्या ब्रोशरमधली यादी. त्या यादीचा भाव तो पुढच्या गिऱ्हाइकाकडून पुरेपूर घेणार. तुमची यादी वेगळी आहे, आणि ती कुठल्याच कागदावर छापलेली नाही. तुझ्या आईची धुण्याभांड्याची चार घरं चालत दहा मिनिटांवर आहेत. केईएम बसने थोड्या अंतरावर, टाटा तिथेच, वाडिया तिथेच. रात्री बाराला पोराला ताप आला तर टॅक्सी करून जाता येतं. पालिकेची शाळा, रात्रशाळा, अभ्यासिका. शेजारीण, जी तुझ्या आजीला दुपारी भात वाढते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीपर्यंत पायी जाता येतं. हे सगळं विकून बदलापूरला टू बीएचके घेतला, स्विमिंग पूल आहे, जिम आहे. छान. आईची कामं गेली, कारण दादरला यायला सव्वा तास गाडीत उभं राहायचं आणि मग पुढे बस. तो पूल बघायला पण महिन्याचा मेंटेनन्स द्यायचा. सोय म्हंजे ज्याच्या त्याच्या पोटापासूनचं अंतर. पैसेवाल्याला क्लबहाऊस लागतं, आपल्याला काम लागतं आणि दवाखाना लागतो.

आणखी एक, कागदाचं. फुकट मिळालेलं घर ठरावीक वर्षं विकता येत नाही, अशी अट असते. करारपत्रात वाचा, कुणाच्या तोंडचं ऐकू नका. एजंट म्हणेल, काय हरकत नाय, पॉवर ऑफ अॅटर्नी करू, नोटरी करू. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की असल्या मुखत्यारपत्राच्या विक्रीने मालकी जात नाही. मग एजंट ते का करतो? कारण कागद कच्चा आहे म्हणून तो तुमचा भाव पाडतो. धोका सांगून तुमच्याकडून स्वस्तात घेतो, मुदत संपली की कागद पक्का करून महागात विकतो. मधल्या वर्षांत वाढलेला भाव त्याचा. परत तेच, वाट बघणं. मग मी विचारतो, वाट बघायची तर तुम्ही का नाही बघायची? या बाजारात पहिल्यांदाच तुमच्या हातात जमिनीचा एक तुकडा आलाय, हवेत चाळीस मजले वर का असेना. भाड्याने द्या, पोटमाळ्यासारखं मोठ्या भावाला एक खोली द्या, अडचण असेल तर सोसायटीकडून उसने घ्या. आणि विकायचंच झालं तर मुदत संपल्यावर, रजिस्टर करून, पूर्ण भावाने विका. पडेल भावात नाही.

टेबलावर दोन कागद ठेवलेत. एक सरकारचा रेडी रेकनर, आपल्या विभागाची पानं. त्यात लिहिलेला दर म्हंजे बाजारभाव नव्हे, मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं तो दर, पण एजंट त्याच्याही खाली बोलला तर तिथेच त्याला थांबवता येतं. दुसरा तो कोरा फॉर्म, माझ्या जुन्या हापिसातल्यासारखा, मी हाताने काढून झेरॉक्स केलाय. 'परिसरातील सोयी' हा रकाना मोठा ठेवलाय. पुढच्या रविवारी प्रत्येकाने तो घरून भरून आणायचा, आईला समोर बसवून, तिच्या तोंडून. बस कितीची पकडते, रेशन कुठनं आणते, उधार कोण देतं, सगळं. मिनिटांत लिहा.

चहा आलाय. आता तुम्ही विचारा.